सोमवारची चार मिनिटे

सिद्धीने अकरावी चकतीही बाद म्हणून बाजूला ठेवली. सिलिकॉनच्या त्या चकचकीत पृष्ठभागावर नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र कण होते, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याएवढे. असा एक कण बसला की त्याखालची चिप मेली. तपासणीत ते मिठाचे निघाले होते.

"मीठ म्हणजे माणसाचंच. घाम नाहीतर थुंकी," गुरुराज म्हणाले. ते विभागप्रमुख, मूळचे बेळगावचे. "सफाईच्या सकवारबाईंनी मास्क खाली घेतला असणार. सोमवारी त्या या चकत्यांच्या धूळमुक्त खोलीतच पुसत होत्या. उद्यापासून त्यांना पाठवू नका म्हणून कंत्राटदाराला कळवतो."

सिद्धीने मान हलवली. तीन आठवड्यांपूर्वी नागपूरला आई गेली, तेव्हापासून ती सगळ्यालाच अशी मान हलवत होती. तेराव्यापर्यंत ती तिथे राहिली, पण तिच्या डोळ्यांतून टिपूस निघाले नाही. "पोरगी दगड झाली," मावशी सगळ्यांदेखत म्हणाली. चौदाव्या दिवशी ती बेंगळुरूला कामावर हजर होती.

कळवण्याआधी गुरुराजांनी सोमवारचे कॅमेऱ्यातले चित्रण लावले. सकवारबाई आल्या, फरशी पुसून गेल्या. मास्क नाकावरच होता. मग डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातले कुणीतरी आले आणि उघड्या चकत्यांपाशी थांबले. गॉगल वर केला. हातमोज्याच्या पाठीने डोळे पुसले. परत पुसले. खांदे हलत होते.

"हे कोण?" सिद्धीने विचारले.

गुरुराजांनी चित्र थांबवले. छातीवर एकवीस नंबर होता. तो सिद्धीचाच होता.

"मला आठवत नाही, सर."

"चार मिनिटं आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"अहवालातून सकवारबाईंचं नाव काढा. माझं लिहा."

"लिहावं लागेल. आठ दिवस आत येऊ नका. स्वल्प... जरा घरी बसा, सिद्धी."

"घरी काय करू?"

त्यांनी अहवालातले नाव खोडले, दुसरे लिहिले आणि पेनाचे टोपण लावले.

"सर," सिद्धी म्हणाली, "ते पुन्हा एकदा लावता?"

गुरुराजांनी चित्रण सुरुवातीला नेले, खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि दार ओढून घेत बाहेर गेले.