केळीच्या बागेत अटक

मित्रांनो, मी ग्रामपंचायतीच्या गच्चीवरचा एक जुना भोंगा आहे आणि सध्या रागावलेलो आहे. भोंगा रागावला तरी त्याचा आवाज तोच राहतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात पत्र्यापासून माझा जन्म झाला. तळोद्याच्या दुकानातून जीपच्या टपावर बांधून मला लोणखेड्याजवळच्या या गावात आणलं. तेव्हा मला मान होता. पाणी सुटणार, रेशन आलं, म्हैस हरवली, सगळं माझ्याच तोंडून. एक म्हैस तर घोषणा ऐकून स्वतःच घरी गेली. असं लोक म्हणतात, मी नाही.

पुढे सरपंच दीपमालाताई रिझर्व्ह बँक, सेबी, दूरसंचार खातं यांचे सावधानतेचे इशारे माझ्यातून वाचू लागल्या. इशारा बदलला की मला कळायचं, चोरांनी धंदा बदलला. आधी केवायसी होतं. मग 'आज रात्री वीज तोडू'. मग शेअरमध्ये दामदुप्पट. मग मोबाइलवर येणारी लग्नपत्रिका, जी उघडली की खातं रिकामं आणि वर जेवणही नाही. हल्लीचा प्रकार म्हणजे खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करतो आणि सुटकेचे पैसे मागतो. चोर दर हंगामाला नवं पीक घेतात, आणि आमचे लोक मलाच म्हणतात, "रोज तेच ते."

पंचायतीशेजारचे हेमकांतभाऊ तर शिडी घेऊनच आले. "ताई, हाऊ भोंगा मन्हा कानमा बोंबलस. मालिका ऐकू येत नही." त्यांनी माझं तोंड मागच्या केळीच्या बागेकडे फिरवलं. बाग त्यांचीच. तेव्हापासून मी केळीला सावध करत होतो. त्या काळात एकाही केळीची फसवणूक झाली नाही. माणसांचं विचारू नका.

एका सकाळी हेमकांतभाऊ फोन तोंडासमोर धरून बागेत धावत आले. पडद्यावर खाकीतला माणूस होता. "एकट्या जागी जा, कोणाशी बोलू नका, तुम्ही अटकेत आहात," असं त्यानं बजावलं होतं. घरात माणसं, म्हणून भाऊ अटक व्हायला शेतात आले. केळीचे पैसे नुकतेच खात्यात जमा झाले होते. त्यातून मुलीची, जागृतीची, नर्सिंगची फी भरायची होती. तेच पैसे 'तपासणीसाठी' पाठवा, असं तो साहेब म्हणत होता.

तेवढ्यात ताईंनी माईक चालू केला. "व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही..."

माझं तोंड थेट भाऊंकडे. आणि भाऊंनी काय करावं? फोनवर हात ठेवून ते ओरडले, "ओ ताई, भोंगा बंद कर ना. माले अटक व्हयेल शे."

ताईंनी खिडकीतून पाहिलं. हातातला कागद बाजूला ठेवून त्या माझ्यातूनच म्हणाल्या, "हेमकांतभाऊ, तुमले कोणी धरं? तठे केळीसशिवाय कोण शे?"

भाऊंनी आजूबाजूला पाहिलं. केळी उभ्या होत्या. एकीच्याही हातात बेड्या नव्हत्या.

"कौन बोल रहा है उधर?" फोनमधल्या साहेबानं विचारलं. इतक्या वर्षांत माझी चौकशी करणारा तो पहिलाच. भाऊंनी फोन बंद केला. पैसे वाचले. ताईंनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला लावली.

मग गाव हसलं. दूध डेअरीवर रतिलालकाकांचा आवाज सगळ्यांत मोठा. "हेमकांत, जामीन केळीस्नी दिन्हा का?" भाऊंनी घराबाहेर पडणं सोडलं. चोरावर कोणी रागावलं नाही, मित्रांनो. फोन करणारा मोकळा आणि ज्याला फोन आला तो घरात कोंडलेला. तेव्हापासून मी रागावलेला आहे.

शेवटी भाऊच शिडी लावून वर चढले. माझं तोंड त्यांनी गावाकडे केलं आणि खाली जाऊन माईकसमोर बसले.

"मी हेमकांत. मी केळीमा अटक व्हयनू. आज हसी ल्या. पन असा फोन तुमले वना तर माले सांगा. मी हसाव नही."

संध्याकाळी रतिलालकाका पंचायतीत आले. बंडीच्या खिशात फोन वाजत होता. "हेमकांत, तोच साहेब शे," ते हळूच म्हणाले. "कालदिनथून फोन करी ऱ्हायना. मी तुले हसनू, मंग कोणले सांगू?"

भाऊंनी खुर्ची पुढे केली. हसले नाहीत.

मित्रांनो, मला रंग लावा, गंज काढा, असं मी मागत नाही. मागणं एवढंच, की फसता फसता वाचलेल्याला आणि खरोखर फसलेल्यालाही हसू नका. तुम्ही हसलात की शेजारचा गप्प बसतो, आणि गप्प माणसाला लुबाडणं सगळ्यांत सोपं. रागवायचंच असेल तर फोन करणाऱ्यावर रागवा. मी एकटा किती पुरणार?