ड्रायरचा पॉइंट

आबासाहेबांनी ड्रायरची जाड पिन भिंतीतून उपसून काढली आणि खांद्यावरच्या टॉवेलने पॉइंट पुसला. देव्हाऱ्यातला देव पुसावा तसा. वच्छला ओल्या चादरींची पाटी कमरेवर घेऊन मागे उभी होती. तिने पाटी फरशीवर आपटली, पण नवऱ्याने वळून पाहिलं नाही.

"मामा, अर्थिंग आहे ना व्यवस्थित?" जावई दारातूनच म्हणाला. आत पाऊल टाकायची त्याची तयारी दिसत नव्हती. फरशी ओली होती आणि त्याचे बूट पांढरे होते.

"हाय की, जावईबापू. खड्डा काढून मीठ-कोळसा घातलाय. आमचा भिमा वायरमन लई पक्कं काम करतो."

"बघू," असं म्हणून अभिमन्यू नाकातल्या नाकात हसला.

खिडकीतून वायर आत आली. तिच्या मध्ये विटेएवढी पेटी होती. आबासाहेबांनी पिन बसवली, खटका खाली केला आणि पेटीवर हिरवा दिवा लागला. त्यांना इतका आनंद झाला, जणू गोठ्यात गाय व्याली असावी. वच्छलाने त्या आनंदाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. बाहेर पोर्चमध्ये जावयाची विजेवरची गाडी उभी होती, पांढरी, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखी. एवढं मोठं धूड, आणि खायला मागायचं ते बाईच्या मशीनच्या तोंडातलं.

जुळे सोलापुरातल्या त्या घराची पुढची खोली म्हणजे वच्छलाची लाँड्री. एका इस्त्रीवर सुरू केलेलं काम तिने इथवर आणलं होतं. ड्रायर जुनाच, हैदराबादहून कुणाकडून तरी घेतलेला, पण आठवडा झाला आभाळ हटत नव्हतं आणि अशा दिवसांत त्या घरातला सूर्य तोच होता. त्याच्यासाठी वेगळी जाड वायर ओढून हा एक मोठा पॉइंट केलेला. बाकी सगळे पंख्या-मिक्सरचे. अंघोळीचं पाणी गच्चीवरच्या सौरबंबावर तापायचं, म्हणून गीझरचाही पॉइंट नव्हता. गाडी लागली की ड्रायर बंद, आणि ड्रायर लागला की गाडी उपाशी, असा हिशेब होता.

आणि आज चादरी लॉजच्या होत्या. स्टँडजवळच्या लॉजचा मॅनेजर सिद्धलिंगप्पा सकाळीच फोनवर बोलला होता, की अक्कलकोटच्या दर्शनाची एक बस रात्री मुक्कामाला येतेय, तेव्हा अक्का, सहाच्या आत चादरी पाहिजेत. न जमलं तर तसं सांगा, एमआयडीसीतले मशीनवाले महिन्याचं सगळं काम मागतच आहेत. माणूस गोड बोलायचा, पण एक गोष्ट दोनदा कधी सांगायचा नाही. लॉजचं काम गेलं तर वच्छलाकडे उरत होत्या कॉलनीतल्या साड्या आणि शाळेचे गणवेश.

"चादरींचं काय करू मी?" तिने नवऱ्याला विचारलं.

"अगं, अधिक महिना हाय. जावई धोंड्याचं जेवायला आलाय. त्याला काय सांगू, चादरी वाळू द्या म्हणून?"

"सांगा की. तोंड हाय ना?"

आबासाहेबांनी तोंडावर बोट ठेवलं आणि टॉवेल झटकत जावयाच्या मागे गेले. जन्मभर दुसऱ्याचा टेम्पो चालवलेला हा माणूस गाडी बघितली की अजूनही मालकासमोर असल्यासारखा वाकायचा. वच्छलाला त्याची कीव यायची, आणि कीव आली की राग यायचा.

अभिमन्यू सोफ्यावर बसून सकाळची हकिकत सांगत होता. हायवेवरचं चार्जिंगचं मशीन बंद पडलेलं. पुढच्या हॉटेलात होतं, पण ते फक्त मुक्कामाच्या गिऱ्हाइकांसाठी. "सोलापूर आहे," असं म्हणून तो हसला, आणि आबासाहेबही हसले. मोबाइलवर बघून त्याने सांगितलं, की चारपर्यंत काम होईल. चारला निघायचं. उद्या ऑफिस.

"आजच्या दिवस ऱ्हावा की," आबासाहेब म्हणाले.

"इथं राहून करायचं काय, मामा?"

आबासाहेबांची मुलगी ऋतुजा शेजारच्या खुर्चीच्या कडेवर बसली होती, एस.टी.त शेजारच्याला धक्का लागू नये म्हणून बसतात तशी. लग्नाला दोन वर्षं होत आली, पण ती माहेरी राहिली अशी नव्हतीच. यायची ती गाडीतून, आणि जायची त्याच गाडीतून.

"किती झालं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"बत्तीस टक्के." त्याने मान वर केली नाही.

स्वयंपाकघरात आल्यावर ती पुरणाचे धोंडे तळायला उभी राहिली. थोड्या वेळाने बाहेर जाऊन पुन्हा विचारून आली. मग आणखी एकदा. वच्छला पारी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"कसली घाई लागलीय गं? माहेर चावतंय व्हय तुला?"

ऋतुजाने झारा तेलात फिरवला.

ही तीच पोर. नळावरच्या भांडणात चार बायांना गप्प करून यायची, कॉलेजात नाटकात पोलीस इन्स्पेक्टर व्हायची. पुण्याने हिची पिठाची बाहुली केली, असं वच्छलाच्या मनात आलं. केस कापलेले, नखं रंगवलेली, आणि शब्द असा काढायची जणू घशात फोड आहे. नवऱ्याची गाडी भरली का, एवढीच हिची काळजी. आईचं काम अडलंय, चादरी कुबट वास मारायला लागल्यात, त्याचं काय? बायका एकदा गाडीत बसायला लागल्या की त्यांना रस्त्यावरचं माणूस दिसत नाही, असं ती मोठ्याने म्हणाली. मुलीला ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

जेवण थाटात झालं. आबासाहेबांनी जावयाला पाटावर बसवलं, चांदीचं निरांजन आणि अनारशांचं ताट हातात दिलं. अभिमन्यूने निरांजन हातावर तोलून बघितलं. धोंडे दोन खाल्ले आणि गोड जरा कमी चाललं असतं म्हणाला. मध्येच ऋतुजा सांगायला लागली, की लहानपणी ती आणि तिचा मामा अधिक महिन्यात अनारसे पळवून गच्चीत—

"ही कुठलं कुठं जोडते बघा," अभिमन्यू सासऱ्याला म्हणाला आणि हसला. "ऑफिसचे मित्र आले तरी हेच. मी सांगतो, तू आपली चहा आण."

आबासाहेब हसले. वच्छलालाही हसू आलं. गच्चीवर पुढे काय झालं ते ऋतुजाने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. तिने भातावर वरण घेतलं आणि शेवटपर्यंत ताटाकडे बघत जेवली.

जेवणं झाली. जावई आतल्या खोलीत पंख्याखाली आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. आबासाहेब त्याच्यासाठी मघई पान आणायला नाक्यावर गेले. वच्छलाने हात पुसले, पदर खोचला आणि लाँड्रीकडे निघाली. आता तिने ठरवलंच होतं. गाडी राहू दे अर्धपोटी. आपल्या घरात, आपल्या पॉइंटवर, आपण ड्रायर लावणार. जावई उठून काय हसायचं ते हसेल.

खोलीत आली तर पेटीवरचा हिरवा दिवा विझलेला. वीज गेली म्हणावं, तर वर पंखा फिरत होता. तिने पॉइंटकडे पाहिलं. पिन जागच्या जागी होती, आणि खटका वर होता. बंद.

इस्त्रीच्या टेबलामागे ऋतुजा पालथ्या बादलीवर बसली होती.

"कुणी बंद केलं?" वच्छलाने विचारलं.

"चुकून हात लागला." ऋतुजा घाईने उठली. "करते चालू."

तिने बोट खटक्यावर ठेवलं. बोट तिथंच राहिलं. आतून जावयाच्या घोरण्याचा आवाज येत होता, आणि तो मध्येच थांबला, तसा ऋतुजाचा श्वासही थांबला. घोरणं पुन्हा सुरू झालं.

वच्छला पुढे गेली नाही. मुलीचा हात बघत राहिली. नखांचा लाल रंग कडेने खरवडून काढलेला होता. तो सकाळपासून असाच होता, आणि तिला तो फक्त लाल दिसला होता.

"मारतो का?"

"नाही."

"वरडतो?"

"ओरडत पण नाहीत." ऋतुजा भिंतीकडे बघून बोलत होती. "हसतात."

वच्छलाने पाटीतली चादर उचलली, पुन्हा ठेवली. जेवताना आपण हसलो होतो, ते तिला आठवलं.

"ती भरली की निघायचंय, आई," ऋतुजा म्हणाली.

वच्छलाने तिचं बोट खटक्यावरून बाजूला केलं, गाडीची पिन दोन्ही हातांनी उपसली आणि खिडकीतून बाहेर टाकली. ड्रायरची पिन तिने मुलीच्या हातात दिली. ऋतुजाने ती बसवली. ड्रायरचा ढोल फिरायला लागला.

पुढचा सगळा वेळ दोघी चादरी घालत आणि काढत राहिल्या. ऋतुजा घड्या घालत होती. घालता घालता तिने गच्चीतल्या अनारशांची गोष्ट पुरी केली. मामा पाण्याच्या टाकीत पडला होता. वच्छलाला ती गोष्ट ठाऊक होती, तरी तिने सगळी ऐकून घेतली.

शेवटच्या चादरी बाहेर निघत होत्या तेव्हा साडेपाच वाजले होते, आणि डोळे चोळत अभिमन्यू मोबाइल घेऊन दारात आला. पाठोपाठ नाक्यावर गप्पांत अडकून आत्ता परतलेले आबासाहेब, हातात पानाचा पुडा.

"गाडीची पिन काढली कुणी? बावन्नवर थांबलीय."

ऋतुजाच्या हातातली घडी विस्कटली.

"मी काढली," वच्छला म्हणाली. "माझ्या चादरी हुत्या."

अभिमन्यू तिच्याकडे बघून हसला. "मामी, कमाल करता. विचारायचं तरी. आता लावली तर निघायला साडेआठ होतील. ठीक आहे, रात्रीचं जाऊ. ऋतुजा, बॅग भर."

"लावतो, लावतो," म्हणत आबासाहेब ड्रायरकडे धावले. "झाल्याच की हिच्या चादरी. सगळ्या वाळल्यात."

टेबलावर चादरींची चळत होती. पांढऱ्या, कोरड्या, अजून कोमट. वच्छलाने ती चळत हनुवटीपर्यंत उचलली, मागच्या दाराने मोरीत नेली आणि हौदात टाकली. ऋतुजा तिच्या मागोमाग मोरीत आली. चादरी आधी फुगून तरंगल्या. तिने हाताने दाबून त्या खाली घातल्या.

आबासाहेबांनी दारात येऊन पाहिलं. त्यांच्या हातातलं पान खाली पडलं.

"अगं... काय केलंस ह्ये?"

"डाग ऱ्हायला हुता."

"समद्या चादरींना?"

"समद्या." तिने नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "जावईबापूंना सांगा, ड्रायर आता रातभर मोकळा हुईत न्हाय. लॉजचं काम हाय. लई निकडीचं."

आबासाहेब बायकोकडे बघत राहिले. मग त्यांची नजर तिच्या मागे, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलीकडे गेली आणि तिथं थांबली. त्यांनी खाली वाकून पान उचललं, टॉवेलला पुसलं आणि काही न विचारता बाहेर गेले. बाहेर ते जावयाला सांगताना ऐकू आले, की तसं काही जमायचं नाही. आवाज नेहमीचाच, पडका होता, पण तेच ते तीनदा सांगत होते. थोड्या वेळाने अभिमन्यू फोनवर कुणाला तरी म्हणत होता, की आज इथंच अडकलोय, उद्या दुपारपर्यंत येतो, आणि इथले लोक कसे असतात ते काय सांगू.

टेबलावर वच्छलाचा फोन वाजला. सिद्धलिंगप्पा होता. तिने ओल्या हातानेच तो कानाला लावला.

"न्हाय जमलं," ती म्हणाली. पलीकडचं बोलणं तिने शेवटपर्यंत ऐकलं. "व्हय. द्या त्यांना. महिन्याचं द्या."

फोन ठेवून ती मोरीत आली. ऋतुजाने हौदातून एक चादर वर काढली होती. वच्छलाने तिचं दुसरं टोक धरलं आणि दोघी मायलेकी समोरासमोर उभ्या राहून पिळायला लागल्या. ऋतुजा जोर लावत होती. पाण्याची धार फरशीवर पडत होती.

"लई पिळू नगं," वच्छला म्हणाली.