धाब्यावरची खारी

जुनं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि विकायचं, हा माझा धंदा. जळगावात लोक मला दलाल म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. दलाल तो मगन. तो नुसतं घर दाखवतो आणि चहा पितो.

धरणगावचं हे घर त्यानंच दाखवलं. "प्राचीताई, पडायला आलंय. जागेच्या भावात घ्या," म्हणाला. घर झुंबरअक्कांचं. त्यांचे यजमान अभिमननाना जाऊन बारा वर्षं झालेली. मधल्या खोलीची तुळई चांगलीच वाकलेली. घर डोक्यावर पडेल या भीतीनं अक्का ते विकून सुरतेला, लेकाच्या एका खोलीत राहायला निघाल्या होत्या. जायचं मन अजिबात नव्हतं. तसं त्यांनी चहा देता देता सांगितलंही.

मी कुणाच्या सांगण्यावर घर जोखत नाही. तुळईत सळई खुपसून पाहिली, घुसेना. सागवान, भिंतीतल्या टोकापर्यंत ठणठणीत. मग वाकलं कशानं? शिडी लावून धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर गेले. तिथल्या मातीत सळई दीड हात आत गेली, तेव्हा कुठे लाकूड लागलं.

पाणी झिरपू नये म्हणून आमच्याकडे दर वर्षी पावसाआधी धाब्यावर खारी माती पसरतात. पण त्याआधी जुनी खरवडून काढावी लागते. ते काम नानांचं होतं. ते गेले आणि खरवडणंही थांबलं. अक्का बारा वर्षं नुसती टाकतच राहिल्या.

चार मजूर लावून दोन दिवसांत माती उतरवली की हे घर पन्नास वर्षं हलणार नाही. हे मला कळलं, अक्कांना नाही, आणि मगनला तर नाहीच नाही. सहा महिने माझ्या हाती एक घर लागलं नव्हतं. मी खाली उतरले, गप्प बसले आणि जागेच्या भावात विसार दिला. हो, दिला. खोटं कशाला बोलू?

आठ दिवसांनी बाकीची रक्कम घेऊन किल्ली घ्यायला गेले. गाठोडं बांधून अक्का ओट्यावर गुडघा चोळत बसलेल्या. पदर मातीनं पांढरा झालेला.

"काय झालं अक्का?"

"काही नही माय. काल धाबावर दहा पाट्या खारी टाकी दिधी. आते पानी येवानं शे. तुनं घर गळाले नको."

सत्तरीची बाई माझ्यासाठी दहा वेळा शिडी चढली होती. मला स्वतःची लाज वाटली. मग सगळं सांगून टाकलं. लाकूड चांगलं आहे, वाकलंय ते मातीच्या वजनानं, आणि हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हेही.

अक्कांनी वर धाब्याकडे बघितलं.

"म्हणजे मीच बिघाडं?"

"तुम्हाला कुणी सांगितलंच नाही अक्का."

त्यांनी गाठोडं सोडलं. विसार मी दिला त्याच रुमालात होता, तो माझ्यासमोर ठेवला.

"आते घर इकनं नही. मजूर तू आन," त्या म्हणाल्या. "आनि कालन्या दहा पाट्या तू काढ. त्या तुन्या शेतस."

त्या दहा पाट्या मी माझ्या डोक्यावरून उतरवल्या. मजूर बघत उभे होते.