माहेरच्या आडनावाचा पाहुणा

"भाऊ नाई म्हणून रडू नको, गोकुळा. भाऊबीजेले चंद्राले ओवाळत जा. पन एकदा धरलं ते सोडू नको."

बाबांचा तो आवाज अजून कानात आहे. एकवीस वर्षं मी चंद्रालाच ओवाळत आले. ओवाळेपर्यंत पाणीही घेत नाही.

पंच्याऐंशीच्या भाऊबीजेला मात्र आमचे हे सकाळीच वैनगंगेवरून धावत आले. "अवो, शेपटीचा तारा पाहाले शहरातून साहेब आला! रेतीत दुर्बीण मांडून राह्यला. अन् आडनाव काय, माहीत हाये? डोंगरे!"

हातातली वाटी निसटली. डोंगरे! माझ्या माहेरचं आडनाव! आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांत एका आडनावाचे सारे बहीणभाऊ. मी देवाला दोनदा हात जोडले. करंज्या तळल्या, लुगडं बदललं, पुन्हा देवाला हात जोडले.

शेजारची मनकर्णाबाई हसली, "एवढा मोठा साहेब तुह्यापुढं कायले बसते वो?"

उन्हं उतरल्यावर ह्यांच्यासोबत ताट घेऊन रेतीत गेले. साहेब पान्ह्यानं दुर्बिणीचे नट आवळत होते. माझं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाई, आडनावावरून नातं काढू नका. एक डोंगरे मंत्री आहेत, एक पैलवान, एक गाणारी बाई. मी त्यांच्यातल्या कोणाचाच कोणी नाही. तरी लोक माझ्याकडे बदलीचे अर्ज पाठवतात, कुस्त्यांची आमंत्रणं पाठवतात! आम्ही सोलापूरकडचे. तुमच्या नात्यागोत्यातले नाही."

सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तरी हळूच बोलले, "मले बदली नको, साहेब. मले फक्त कपाळ पाहिजे. टिळा लावाले."

 ते एवढ्या मोठ्यानं हसले की काठावरचे बगळे उडाले. पान्हा बाजूला टाकून रेतीतच मांडी घालून बसले. "लावा, ताई."

 वाऱ्यानं निरांजन दोनदा विझलं, दोनदा लावलं. पण ओवाळलं! डोंगऱ्यांच्या कपाळाला कुंकू लावलं!

करंजी खाता खाता त्यांनी विचारलं, "एरवी कोणाला ओवाळता?"

मी आभाळाकडे बोट केलं.

"चंद्राला? मग लवकर करा, बीजेचा तो, पटकन मावळेल. तो गेला की अंधारात तुमचा शेपटीवाला दाखवतो."

"आता कायले?" तांब्या पुढं करत हे म्हणाले. "भाऊ भेटला ना? पानी पी पहिले."

तांब्या ओठांपर्यंत नेला, आणि तसाच खाली ठेवला. मावळतीला बारीक कोर उमटली होती. मी वात पुढे सारली, पदराचा आडोसा केला आणि ताट सावरत एकटीच उंच दरडीकडे निघाले.