चार बोटं पाणी

नवी राजधानी वसवायची म्हणून आमचे हे चार वर्षं माळावर जाऊन राहिले. राजधानीत रस्ते झाले, दिवे लागले, आणि इकडे रायपूरला चौबे कॉलनीत माझ्या घरात नवरा फक्त रविवारचा. यांचं नाव नरहर, रस्त्याच्या कंपनीत सर्व्हेअर. कंपनीने राहायला चाकांवरची केबिन दिलेली. जीपमागे जोडायची आणि काम जाईल तिकडे ओढत न्यायची. आत एक खाट, स्टोव्ह, खिडकीशी फळी. त्या फळीवर काचेची छोटी टाकी आणि तिच्यात दोन सोनेरी मासे.

त्या माशांचा मला मनापासून राग होता. रविवारी घरी आले तरी यांचा जीव तिकडे. "मोठा मासा आजकाल कमी खाऊन राहिला," असं सांगायचे. मी किती खाते, ते कधी विचारलं नाही. मी त्या केबिनमध्ये जाऊन राहिले असते, खरंच राहिले असते. पण सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. कूस बदलायलासुद्धा त्यांना माणूस लागतं. बोल कोणाला लावणार?

मग कळलं, काम कांकेरच्या पुढे निघालं. म्हणजे आता रविवारही गेला. महिन्यातून एकदा जमलं तर येईन, म्हणाले.

निघायच्या दिवशी शेजारच्या सरिताला सासूबाईंजवळ बसवलं आणि तिखट पुऱ्यांचा डबा घेऊन मी बसने माळावर गेले. सरिताने आधीच बजावलं होतं, पाचपर्यंतच बसेन, पाचला पोरं शिकवणीहून येतात. मी पोचले तेव्हा हे ऑफिसात सह्या करायला गेले होते. केबिनमध्ये शिरले तर टाकीवर टॉवेल पांघरलेला. उचलून पाहते तर तळाशी चार बोटं पाणी आणि त्यात दोघं पोटं घासत फिरताहेत.

माझ्या माहेरी, अचलपूरला, कोणी गावाला निघालं की उंबऱ्यात पाण्याने भरलेला गडवा, म्हणजे तांब्या, ठेवत. भरलं भांडं पाहून निघालेला माणूस परत येतो, असं आई मानायची. आणि हे रिकामी टाकी घेऊन निघाले होते! माठातलं पाणी ओतून मी टाकी काठोकाठ भरली, टॉवेल होता तसा पांघरला आणि मनात म्हटलं, आता या परत.

जीप हेच चालवत. केबिन जोडली, "येतो" म्हणाले आणि निघाले. मी रस्त्याकडेला हात वर करून उभी. कच्च्यावरून डांबरीवर चढताना केबिनला जोराचा हिसका बसला आणि आत खळ्ळकन आवाज झाला. दाराखालून पाणी वाहायला लागलं.

जीप थांबली, मी धावले. आत काचा, वाळू आणि खाटेखाली मासे तडफडताहेत. पुऱ्या खाटेवर ओतल्या, डब्यात माठातलं उरलेलं पाणी घेतलं आणि दोघांना ओंजळीने उचलून त्यात सोडलं. हे दारात उभे राहून पाहत होते.

"मी चारच बोटं ठेवलं होतं," हे म्हणाले. "केबिन हलवाची तर पाणी काढाच लागते. भरलं कोणं?"

"मी."

"काहून वं?"

"रिकामं घेऊन निघाले होते तुम्ही. वापस याले पाहिजे, म्हणून भरलं."

मी बोलणी खायच्या तयारीत होते. पण ते खाली बसले. काचा वेचल्या, मला एकही वेचू दिली नाही. मग म्हणाले, "हे धरून बसाले कोणी पाहिजे. अभनपूरपर्यंत चाल. तिथं झाकणाची बालदी घेतो न् तुले बसमध्ये बसवून देतो."

मी पुढे बसले. मांडीवर डबा, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. चार वर्षांत आम्ही दोघं असे शेजारी बसलो नव्हतो. बोललो काय, तर सासूबाईंची औषधं आणि गळका नळ. मला सांगायचं होतं की संध्याकाळी फाटक वाजलं की मी अजून कान देते, बुधवार असला तरी. ते राहूनच गेलं. प्रत्येक खड्ड्याला ते गाडी हळू करत होते. माशांसाठी की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

अभनपूर आलं. पहिल्याच दुकानाबाहेर बालद्या टांगलेल्या होत्या. मी पाहिल्या, त्यांनीही पाहिल्या. जीप थांबली नाही. "हलक्या प्लास्टिकच्या आहेत," म्हणाले. दुसरं दुकानही मागे गेलं. मी कशाला आठवण करून देऊ? बसथांबा आला तेव्हा कुठे थांबले, तिथल्या दुकानातून बालदी आणली आणि मासे तिच्यात सोडले. मी खाली उतरले.

"धमतरीपर्यंत चालतं का?" त्यांनी विचारलं. "तिथून बी बस भेटते."

चार वर्षं या एका वाक्याची वाट पाहिली होती मी. आणि आलं कधी, तर साडेतीन वाजता, अभनपूरच्या बसथांब्यावर.

"तुमच्या आईजवळ सरिता पाचपर्यंतच हाये," मी म्हटलं.

"हव." ते जीपकडे वळले. मग बाटली उघडून बालदीत पाणी ओतायला लागले. मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. चार बोटंच ठेवा."

रायपूरची बस लागलेलीच होती. खिडकीशी बसले तेव्हा लक्षात आलं, डब्यातलं पाणी हिंदकळून मांडीवरची साडी ओलीचिंब झाली होती. शेजारची बाई म्हणाली, "दीदी, हवा में फैला लो, सूख जाएगा."

मी पदर ओढून त्यावर झाकला. चौबे कॉलनी येईपर्यंत ती ओल वाळू नये, एवढंच वाटत होतं.