शंकरअण्णाची कट्टी

“ह्ये कुनाला सांगितलं तर पटायचं न्हाई. माझं मलाच पटत न्हाई,” असं म्हणून गणपतीनं काथ्याच्या दोरीची गाठ दातांनी सोडवली आणि जमिनीवर आडव्या टाकलेल्या पोफळीच्या वाशावर बैठक मारली.

“पटायचं का न्हाई ते आमी बघतो,” योगेश म्हणाला. “तुमी खरं तेवढं सांगा, काका. खरं सांगितलंसा तर मांडव तुमचा. न्हाईतर खानापूरकडच्या लोखंडी मांडववाल्याला फोन लावलाय. धाच्या आत त्याचा टेंपो हितं येतोय.”

योगेशनं प्लास्टिकची खुर्ची बरोब्बर फाटकाच्या तोंडात टाकली होती. आत शिरायचं तर त्याच्या मांडीवरूनच जावं लागलं असतं. रामनगरात हमरस्त्याला त्याचं पंक्चरचं दुकान. ट्रकवाले चाक दाखवतात आणि इंजिनाचं दुखणं लपवतात, हे रोज बघून त्याची नजर तशीच झाली होती. आणि आज गुंदचा गणपती सकाळी सकाळी टेंपोत वासे, झावळ्या, दोऱ्या भरून न बोलावता येतो आणि म्हणतो, तुझ्या बाच्या बाराव्याचा मांडव मी बांधतो, फुकट बांधतो! ह्यात काहीतरी काळंबेरं असणारच.

शंकरअण्णा जाऊन आज अकरावा दिवस. उद्या बारावं. मांडववाल्याच्या घरी सुतक असलं तर घरच्यानं गाठ मारायची नाही, बाहेरच्यानं मारायची, हा धंद्यातला रिवाज अण्णानंच सगळ्या तालुक्याला शिकवलेला. आता बाहेरचा कोण, एवढाच प्रश्न होता. आणि ज्या माणसाचा एक वासा एकोणीस वर्षांत रामनगरच्या हद्दीत रोवला गेला नव्हता, नेमका तोच दारात येऊन बसला होता.

“मागच्या शेडातल्या सागवानी खांबांवर डोळा असंल,” ओट्यावरून योगेशची आत्या तुळजा पुटपुटली. पुटपुटली म्हणजे फाटकाबाहेर ऐकू जाईल एवढीच.

“खांब नकोत मला, तुळजाक्का.”

“मग शेडाची जागा पायजे असंल.”

“जागा बी नको.”

“अगबाई! मग तर जास्तच भ्या वाटाय लागलंय.”

जमलेले शेजारी हसले. गणपतीही हसला. फक्त टेंपोच्या सावलीत बसून झावळ्यांचे झाप विणणारी फुला हसली नाही. ती गणपतीच्या टोळीतली सगळ्यांत जुनी बाई. तिचे हात चालू होते, मान खाली होती आणि कान इकडं होते.

“तर ऐक,” गणपतीनं घसा साफ केला. “तुझ्या बाकडं मी अकरा वर्सं व्हतो. मी वासा धरायचा, त्येनं गाठ मारायची. मग त्यो धरायला लागला, मी मारायला लागलो. गाठ काय एकट्याला मारता येत न्हाई, योगेश. एकानं धरायचं, एकानं बांधायचं. आनि त्यो खाली हुबा राहून वरडायचा...”

“कट्टु,” योगेश पटकन बोलून गेला.

शंकरअण्णा मांडवाचं काम शिकला शिरसीला. घरात मराठी बोलायचा, बाजारात कोकणी, पण शिडीला हात लागला की तोंडातून कानडीच. ‘कट्टु!’ म्हणजे बांध. ‘बिच्चु!’ म्हणजे सोड. दिवसातून हजार वेळा. गणपतीची अकरा वर्षं या दोन शब्दांत गेली होती.

“मग मी गुंदात माझं सोताचं सुरू केलं. हितनं गंमत चालू झाली.”

गंमत अशी काही नव्हती. आधी गुंदची लग्नं गणपतीकडं आली, मग जोयड्याची, मग सरकारी कार्यक्रम. चार वर्षांत त्याचे वासे रामनगरच्या वेशीला टेकले. आता मोठ्याच्या अंगणाशी येऊन वाढताना लहानानं वागायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून तो संशयानं वागला. अण्णा भेटल्यावर हसला नाही, तर गणपती म्हणायचा, बघा, जळतोय. हसला, तर म्हणायचा, बघा, काहीतरी शिजतंय. एका दिवाळीला अण्णानं पेढे पाठवले. गणपतीनं पहिला पेढा कोंबडीला घातला. कोंबडी मेली नाही. तेव्हा तर त्याची खात्रीच पटली, की हा माणूस सावकाश मारणारं काहीतरी घालतो. कोंबडी पुढं तीन वर्षं अंडी देत राहिली, तरी पेढे कुणी खाल्ले नाहीत.

यातलं काही गणपतीनं सांगितलं नाही. तो म्हणाला, “देवीच्या जत्रेचा मांडव सव्वीस वर्सं तुझ्या बाचा. एकोणीस वर्सांमागं जत्रेची मंडळी माझ्याकडं आली. म्हनाली, औंदा तू बांध. आनि दुसऱ्याच दिवशी तुझ्या बाचा निरोप आला. गुंदाच्या फुडं पाऊल टाकलंस तर वाशाला उलटा बांधीन. साक्षात माझ्या दारात, पाच मानसं पाठवून!”

फुलाचे हात थांबले. गणपतीनं तिकडं बघितलं नाही.

“आमचे बाबा?” योगेशनं डोळे बारीक केले. “त्येनी आमाला कवा मोठ्यानं हाक मारली न्हाई.”

“घरात येगळा मानूस, धंद्यात येगळा. जत्रेच्या माळावर आलो तर तुझ्या बानं आपली शिडी मधोमध आनून हुबी केलेली! म्हंजे काय? म्हंजे माळ माझा! मी बी म्हटलं, बघून घेतो. रातोरात तीनशे वासे रोवले. येवढा मोठा मांडव, येवढा मोठा, की या टोकाला भटजीनं मंत्र म्हटला तर त्या टोकाला त्यो दुसऱ्या दिवशी पोचायचा. आनि पंगत बसली, तवाच तुझ्या बानं रानातनं गवा हाकून घातला की रं मांडवात!”

“गवा?”

“ह्यो येवढा. त्येनं शिंगांवर मांडव उचलला, सबंदच्या सबंद, आनि निघाला. मान्सं पत्रावळ्या हातात धरून मागनं जेवत चालली. मी म्हटलं, चालू दे, वाढप्या, चालू दे! भात रामनगरला वाढला, आमटी वाटेत, आनि ताक घेतलं तवा आमी गुंदात! गव्यानं माझ्या दारात मांडव ठेवला, जसाच्या तसा, एक गाठ सुटली न्हाई. तवापासनं तुझा बा माझ्या वाटंला गेला न्हाई. मी बी रामनगरला आलो न्हाई. मोठ्या मानसाला हरवल्यावर त्येच्या दारात नाचायचं नसतं. आता त्यो गेला, म्हनून आज आलो. झालं. आता खड्डा दाव, कुठं खनू?”

शेजारी खो खो हसत होते. तुळजाक्कानं पदर तोंडाला लावला होता. योगेशच्याही ओठाचं एक टोक हललं, पण तो खुर्चीवरून उठला नाही.

“गोष्ट झ्याक हाय, काका. पर मी खरं मागितलं व्हतं.” त्यानं खिशातून फोन काढला. “पावणेधा झाले.”

“आमी बाया बसलो व्हतो तितं गव्याचं शेण पडलं न्हाई कसं म्हंते मी,” टेंपोच्या सावलीतून फुला म्हणाली.

सगळे वळले.

“फुला, तू झाप विण.”

“विणतेच हाय. पर पाच मानसं कुठली, दादा? एकच मानूस व्हतं. मी.” तिनं अर्धा झाप मांडीवरून बाजूला ठेवला. “तुमीच मला धाडलं व्हतं न्हवं अण्णाकडं? मी बाजाराला कंद इकाय येत व्हते रामनगरला. तुमी म्हटलासा, जाऊन इचार, जत्रेचा मांडव मला बांधाय सांगत्यात, बांधू काय? सोता यायचं धाडस न्हाई झालं तुमास्नी.”

योगेश खुर्चीच्या कडेला सरकला. “मग? बाबा काय म्हनले?”

“अण्णा शिडीवर व्हते. खाली बघितलं. आनि एकच शब्द म्हनले. ‘कट्टी.’ दुसरं काय न्हाई. मी तसाच आणून दिला, हातात धरून पाणी आणावं तसा.”

तुळजाक्का ओट्यावरून म्हणाली, “कट्टी? बारक्या पोरांसारखी? बोलणं बंद?”

“मला बी तसंच वाटलं,” गणपती घाईघाईनं म्हणाला. “कुनालाबी वाटंल. सव्वीस वर्सांचा मांडव हातातनं निसटाय लागलाय, आनि मानूस म्हंतो कट्टी! मी काय समजायचं?”

फुला म्हणाली, “मी तुमच्या दारात हुबी राहून म्हटलं व्हतं, दादा, उद्या परत जाऊन इचारू काय, कसली कट्टी? तर तुमी म्हटलासा, दुस्मानाला अर्थ इचारायचा नसतो. त्यो पुढं काय करतोय तेवढं बघायचं.”

आणि गणपतीनं तेवढंच बघितलं होतं. अण्णाची शिडी माळावर दिसली, तो म्हणाला, हद्द घातली, आणि एकही वासा न रोवता माघारी वळला. अण्णाचा एक गडी गुंदला पाहुणा म्हणून आला, तो म्हणाला, हेर. मग यानं त्याचे दोन गडी फोडले, त्यानं याचे चार. यानं अर्ध्या दरात कामं धरली, त्यानं त्याहून कमी. वाशांना रात्री राखण बसली. दोन हंगामांत दोघांचेही गडी गोव्याला निघून गेले, वासे उन्हात फाटले, आणि तिसऱ्या वर्षी खानापूरकडून कुणीतरी लोखंडी पाइप आणि रंगीत कापड घेऊन आला. देवीच्या जत्रेला मांडव त्याचा लागला. आजतागायत त्याचाच लागतो.

योगेशनं तो शब्द जिभेवर घोळवून बघितला. एकदा, दोनदा.

“काका, बाबा गड्यांना काय म्हनायचे?”

“कट्टु.”

“आनि शिरसीहून त्येंचे गुरुजी यायचे वर्सातनं एकदा. म्हातारे. त्येनी शिडीला हात लावला की बाबा काय म्हनायचे, आठवतंय?”

गणपतीनं दोरीकडं बघितलं.

“कट्टी,” योगेश म्हणाला. “आपल्या हळ्याळ-धारवाडच्या बाजूला कानडीत मान द्यायचा तर मागं ‘री’ लावत्यात. शिरसीला न्हाई लावत. लहानाला कट्टु, मोठ्याला कट्टी. बांध न्हवं, बांधा.” तो थांबला. “आनि त्या दिवशी शिडी माळावर आमी दोघानी न्हेली. मी म्हटलं, बाबा, औंदा आपला मांडव न्हाई, मग शिडी कशाला? तर म्हनले, गणपतीकडं येवढी उंच शिडी न्हाई. ऱ्हाऊ दे.”

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गिअर बदलत घाटाकडं गेला.

अकरा वर्षं ज्यानं कट्टु, कट्टु म्हणून हाकललं, त्यानं एकदाच मान देऊन हाक मारली होती. आणि ज्याला कधी मान मिळाला नव्हता, त्याला तो ओळखूच आला नव्हता.

“आरं द्येवा,” गणपतीनं दोन्ही हात डोक्याला लावले. “कानडीत म्हटलं व्हतं व्हय! मला काय ठावं! एकोणीस वर्सं मी... योगेश, देवीची आन, ह्ये मला आज कळतंय. आज, हितं, तुझ्या तोंडातनं.”

डोळ्यांत पाणीही आलं त्याच्या. खोटं नव्हतं ते पाणी. योगेशनं त्या पाण्याकडं पंक्चर शोधावं तसं निरखून पाहिलं. मग फोन खिशात घातला. उठला, खुर्ची उचलून फाटकाच्या बाजूला ठेवली. वाकून एक वासा उचलला, अंगणाच्या कोपऱ्यातल्या जुन्या खड्ड्यात सरळ उभा केला आणि दोन्ही हातांनी धरून राहिला.

गणपती उठला. गुडघे वाजले. दोरी खांद्यावरून काढून त्यानं वाशाला पहिला वेढा दिला, मग एक आडवा बांबू टेकवून दुसरा.

“खोटं,” फुला म्हणाली.

तिनं आवाज चढवला नव्हता. झाप पुन्हा मांडीवर घेतला होता आणि पात खालीवर करत होती.

“आज न्हाई कळलं तुमास्नी. जोयड्याला त्या शिरसीकडच्या सायबाचा कार्यक्रम व्हता. त्यो खाली हुबा राहून तुमास्नी म्हनला, ‘कट्टी, कट्टी, गणपती.’ तुमी शिडीवरच थांबलासा. मग उतरलासा आनि पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलासा. मी च्या घेऊन आले तर च्या बी घेतला न्हाई. म्हटलं, काय झालं दादा, तर म्हटलासा, काय न्हाई, उन्ह लागलं.” तिनं पात ओढून घट्ट केली. “पावसाळी दिवस व्हता त्यो. चवदा वर्सं झाली. गुंदातनं रामनगरला गाडी रोज येती, दादा.”

दोरीचा तिसरा वेढा गणपतीच्या हातात तसाच राहिला. योगेशनं वासा सोडला नाही.