नामावळीत न आलेलं नाव

रामकुंडाजवळच्या गल्लीत शामसुंदरगुरुजींचं घर. यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या त्या घरात लाल फडक्यांत बांधून ठेवलेल्या. कोण कधी आलं, कुणाच्या अस्थी घेऊन आलं, सोबत कोण होतं, सगळं गावनिहाय आणि आडनावानुसार. आणि नोंदीखाली, आलेल्या माणसाची सही.

गुरुजींच्या पत्नी मालिनीताई मराठीची शिकवणी घेत. त्यांच्याकडे रूथ नावाची अमेरिकन बाई शिकायला येऊ लागली. तिचा नवरा डॅनियल अंबडच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. आता हाच आपला देश, असं म्हणून दर रविवारी ही मंडळी काहीतरी बघायला निघत. पांडवलेणी झाली, सिन्नरचं गोंदेश्वर झालं, अंजनेरीचा डोंगर झाला. बरोबर रूथचे वडील वॉल्टरही असत. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. बायको गेल्यावर लेकीकडे आले आणि इथलेच झाले. वय एकोणऐंशी, पण पायऱ्या मोजत सगळ्यांच्या आधी वर पोचायचे.

एका रविवारी मालिनीताईंनीच त्यांना नामावळ्या बघायला बोलावलं. गुरुजींनी मोडीतलं एक जुनं पान उलगडलं. पेशवाईत आलेल्या एका पाटलाची सही होती, आणि त्याखाली त्याच्या नातवाची, पणतवाची. वॉल्टर बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग शब्द जुळवत म्हणाले, "गुरुजी, मी पण नाशिकला आलो. चार वर्षं झाली. माझं नाव?"

गुरुजींना हसू आलं. "अहो साहेब, इथे गाव लागतं, आडनाव लागतं. तुमचं पान मी कुठे काढू?"

रूथने हलक्या आवाजात वडिलांना समजावलं. ते लगेच म्हणाले, "हरकत नाही, हरकत नाही," आणि चहाचा कप उचलला.

गुरुजी बोलले ते खोटं नव्हतं. पण वहीच्या शेवटी कोरी पानं होती, आणि नवीन गावाचं पान काढायला कुणाची आडकाठी नव्हती. घाटावरचे चार जण काय म्हणतील, एवढंच त्यांच्या मनात आलं होतं.

पाहुणे गेल्यावर मालिनीताई म्हणाल्या, "दोन ओळी तर लिहायच्या होत्या. शाई संपली होती का?"

"पुढच्या वेळी बघू."

त्यानंतर वॉल्टर तीन-चारदा आले. प्रकृतीची विचारपूस करायचे, चिवड्याची तारीफ करायचे. नामावळीचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. गुरुजींनीही काढला नाही. दर वेळी जिभेवर यायचं आणि राहून जायचं.

मार्गशीर्षात वॉल्टर झोपेतच गेले. नाशिकलाच अग्नी दिला. थोड्या अस्थी गोदावरीत सोडाव्यात, ही त्यांचीच इच्छा, असं रूथने सांगितलं. गुरुजींनी कुंडावर सगळं मनापासून केलं, दक्षिणेचं नावही काढू दिलं नाही. रूथ ओल्या पायांनी पायरीवर बसली होती. गुरुजींनी काखेतली वही तिच्यापुढे धरली. नवं पान काढलेलं होतं, वर सुवाच्य अक्षरात 'अमेरिका'.

"गाव सांग, बाळ. वडिलांचं नाव लिहितो."

रूथने पानावरून हात फिरवला. बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता. "आता नको, गुरुजी. त्यांना स्वतः सही करायची होती. त्या पाटलासारखी. घरी मोडीत आपलं नाव गिरवत बसायचे."

गुरुजींना हे माहीत नव्हतं. त्यांनी वही मिटली.

वैशाखात डॅनियलची बदली झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे निरोप घ्यायला येणार होते. त्या सकाळी गुरुजी घाटावर गेले ते तिथेच रेंगाळले. कुणी यजमान नव्हते, काही काम नव्हतं. पाण्यात उतरणाऱ्या माणसांकडे बघत दुपारपर्यंत बसून राहिले.

घरी आले तर ओट्यावर विसळलेले कप पालथे घातले होते.

"तासभर वाट बघितली त्यांनी," मालिनीताई म्हणाल्या. "रूथ विचारत होती, गुरुजींना बरं नाही का?"

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? काम निघालं म्हटलं."

गुरुजी तसेच जेवायला बसले. दोन घास खाल्ले आणि पान बाजूला सारलं.